महिला सभा रजिस्टरवर उरकू नका

मा. संपादक,
स. न.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेची नोटीस आता गावोगावच्या फलकावर लागेल, म्हणून हे पत्र. मी बचत गटांसाठीच्या 'उमेद' या सरकारी अभियानात सीआरपी, म्हणजे गावात फिरून गटांना मदत करणारी कार्यकर्ती आहे. बचत गटाच्या बैठकीत हप्ता थकला तर खणखणीत आवाजात जाब विचारणारी बाई ग्रामसभेत मात्र तोंड उघडत नाही, हे दर वेळी बघते. "बायकांना बोलायचंच नसतं," म्हणून लोक मोकळे होतात. मला हे अजिबात मान्य नाही.

आमच्या गटातली एक ताई अंगणवाडीच्या पाण्याचं विचारायला उठली. समोरच्या खुर्च्यांवर चुलत सासरे, दीर, सगळी भावकी. माईक हातात आला तशी तोंडाला कोरड पडली, पाय लटपटायला लागले. मागून कोणीतरी हसलं. ती खाली बसली आणि पुढच्या सभेला आलीच नाही.

यात तिचा काय दोष? घाबरल्यावर अंगात अ‍ॅड्रेनालिन वाढतं. छाती धडधडते, हात थरथरतात, तोंड सुकतं. शिकल्यासवरलेल्यांनाही हे चुकत नाही. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तर डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले आणि ३० रुपये फी परत केली.

ही धडधड सुरुवातीलाच जास्त असते, बोलत गेलं की उतरते. म्हणून आम्ही गटात पहिलं वाक्य तेवढं पाठ करून घेतो: "मी वरच्या आळीतली, मला पाण्याबद्दल विचारायचंय." पुढचं तिला कोणी शिकवावं लागत नाही, हंडा रोज तीच वाहते. उठण्याआधी श्वास सावकाश सोडायचा. आणि एकटीनं उठायचं नाही, शेजारणीनं बरोबर उभं राहायचं. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. श्वासानं धडधड कमी होईल, भावकीचा धाक कसा जाईल? दोघी उभ्या असल्या की मागून हसणारे जरा कचरतात.

याच्या सरावाला जागा लागते आणि ती कायद्यानं दिलेली आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. तरी मी फिरते त्या काही गावांत ही सभा होतच नाही, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. सह्या करणाऱ्या बायकांना आपण कशावर सही केली हेही सांगितलेलं नसतं, याचा मला फार राग येतो.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती आहे. महिला सभेची वेळ दवंडी देऊन कळवा, बायकांची रोजंदारी सुटायच्या आधी ती ठेवू नका आणि तिथे आलेले प्रश्न ग्रामसभेत सगळ्यात आधी घ्या.

आपली,
एक सीआरपी ताई, जि. सातारा