कठड्यापलीकडच्या मंडळींना

गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात हायरॉक्स ही फिटनेस शर्यत पूर्ण केली! एक किलोमीटर पळा, मग एक व्यायाम, असं आठ वेळा. पळणं जमतं मला. ५० मीटर स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलताना मात्र पायांनी असहकार पुकारला. तेव्हा कठड्यापलीकडून आमची जिमची गँग घसा फोडून ओरडत होती, "कंबर खाली! छोटी पावलं! थांबू नकोस!" त्या आरडाओरड्यानेच स्लेड सरकली. (माझी ताकद निमित्तमात्र.)

शेवटचे १०० वॉल बॉल (जड चेंडू उंच खुणेवर फेकायचा) मोजणाऱ्या अनोळखी ताई, तुमचेही आभार. चेंडू खुणेच्या खाली लागला तो फेक तुम्ही मोजला नाहीत, अगदी योग्य केलंत. आणि दिवसभर माझ्या लेकाला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू, तुमच्याशिवाय घराबाहेरच पडले नसते.

पुढच्या वेळी डबल्स. माझा जोडीदार कोण, ते आपापसांत भांडून ठरवा.