कथानक राहू दे, नियम उचल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिन्ही कथा वाचल्या. तिसरी व्हिडिओ खेळावरून सुचली हे तू सांगितलं नसतंस तरी कळलं असतं. तुझा नायक दार उघडतो, जिना उतरतो, किल्ली उचलतो, दुसरं दार उघडतो. खेळताना एवढ्यानेही छातीत धडधडतं, कारण दाराशी थबकलेली तू असतेस. आत शिरायचं की मागे फिरायचं हे तुझं बोट ठरवतं. वाचकाच्या बोटाला असलं काही काम नसतं, त्याला दार उघडल्याची नुसती बातमी मिळते. यात तुझ्या भाषेचा दोष नाही. तू खेळातलं कथानक घेतलंस, तिथेच घोटाळा झाला. घ्यायचा असतो तो नियम.

नियम म्हणजे खेळ तुला काय करू देतो, काय करू देत नाही आणि त्याची किंमत कुणाकडून वसूल करतो. मोठ्या कंपन्यांच्या खेळांत असे शेकडो नियम एकमेकांत गुंतलेले असतात. एकदोघांनी किंवा छोट्या चमूने केलेल्या स्वतंत्र खेळाला ते परवडत नाही. तिथे एकाच नियमावर सगळा भार असतो, त्यामुळे तो सुटा करून हातात घेता येतो.

‘पेपर्स, प्लीज’ घे. लुकास पोपने बनवलेला, २०१३ साली आलेला. साल १९८२, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, सरहद्दीवरची चौकी. तू तपासनीस. खिडकीशी माणूस येतो, कागद सरकवतो. नाव, तारीख, फोटो जुळतात का ते बघायचं आणि शिक्का मारायचा, हिरवा किंवा लाल. बरोबर तपासलेल्या माणसामागे ५ क्रेडिट, म्हणजे तिथले पैसे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात. संध्याकाळी भाडं, जेवण आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च यांचा हिशेब समोर येतो. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. अशात एकाचे कागद चोख निघतात. पुढे जाताना तो म्हणतो, माझी बायको मागेच आहे. ती येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो.

इथे थांब आणि मोज. आज तुझी एकही चूक झालेली नसेल, तर या बाईला आत सोडल्याचा दंड पडत नाही. दोन झाल्या असतील, तर तीच दया मुलाच्या औषधाच्या पैशांतून जाते. बाई तीच, संवाद तेच, फक्त आधीच्या चुकांचा आकडा वेगळा. तेवढ्यावर चांगला माणूस वेगळा वागतो. कथेचं बीज त्या बाईत नाही, ‘दोन चुका माफ’ या तीन शब्दांत आहे.

आता चौकी, शिक्के, सरहद्द सगळं पुसून टाक, नाहीतर वाचकाला मूळ खेळच दिसत राहील. नियम तेवढा ठेव आणि तो रेशन दुकानात नेऊन बघ. अंगठा घेणारं ई-पॉस मशीन आहे. विटा वाहून, भांडी घासून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात अशा म्हातारीचा अंगठा ते घेत नाही. समज, तुझ्या कथेतला दुकानदार अशा वेळी दुसऱ्या कुणाच्या नावावर धान्य देतो. महिन्यात दोनदा ते खपून जातं, तिसऱ्यांदा तपासणी लागते. आज २३ तारीख. दोन्ही वेळा वापरून झाल्यात. म्हातारी मशीनपुढे अंगठा पुसते आहे आणि तिच्यामागे रांगेत दुकानदाराची सख्खी मावशी उभी आहे. तिचाही अंगठा लागत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

हे कसं साधायचं ते नीट सांगते. पहिली २५-३० मिनिटं नुसतं खेळ, वही मिटलेली. मग खेळ बंद कर आणि लगेच, मनात ताजं असताना, हाताने काय केलं त्याची फक्त क्रियापदं लिही. तपासलं, जुळवलं, परत मागितलं, शिक्का मारला. आठ-दहा पुरेत. पात्रांची नावं, देखावे, संगीत काही लिहू नकोस. नामं आली की कथानक मागोमाग येतं. त्याखाली एक वाक्य पूर्ण कर: “ही व्यक्ती अमुक करू शकते, तमुक करू शकत नाही, आणि चुकली तर … .” ती शेवटची रिकामी जागा सगळ्यात अवघड. तिथे तू ‘ती मरते’ किंवा ‘ती हरते’ असं लिहिलंस तर खोड. खेळात मरणं स्वस्त असतं, बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. कथेत पुन्हा पहिल्यापासून नसतं, म्हणून किंमत अशी हवी की जी भोगूनही दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागतं. शक्यतो ती दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला यावी. मग जागा, पोटापाण्याचा धंदा आणि काळ, तिन्ही बदल. त्यातलं एकच बदललंस तर नक्कल वाटेल. शेवटी एकच प्रसंग ६०० शब्दांत लिही, पूर्वपीठिका न सांगता.

वस्तूंमधून माणूस कसा दाखवायचा हे शिकायला ‘अनपॅकिंग’सारखा खेळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या कंपनीचा, २०२१ चा. १९९७ ते २०१८ या काळात एक मुलगी आठ वेळा घर बदलते आणि तू तिची खोकी उघडून सामान लावतेस. सामान लावताना ती स्वतः समोर येत नाही, बोलत नाही. २०१० च्या घरात ती प्रियकराबरोबर राहायला येते. त्याच्या वस्तू आधीच सगळीकडे पसरलेल्या. खोक्यातून तिचं पदवीचं प्रमाणपत्र निघतं. भिंतीवर त्याच्या चित्रांमुळे जागा नाही. कपाटावर ठेवलं तर चालत नाही, वस्तूभोवती लाल रेघ उमटते. शोधत शोधत शेवटी ते पलंगाखाली सरकवावं लागतं, आणि रेघ जाते. त्याच्याबद्दल वाईट असं एक अक्षर कुठे नाही. पण प्रमाणपत्र पलंगाखाली तुझ्या हाताने गेलेलं असतं. २०१२ साली ती आईवडिलांच्या घरी परत आलेली दिसते, तेव्हा वेगळं सांगावं लागत नाही.

कागदावर हे करताना एक फरक ध्यानात धर. पडद्यावर शंभर वस्तू असल्या तरी डोळा त्यांवरून घरंगळतो. कथेत तू जिचं नाव घेशील ती प्रत्येक वस्तू वाचक पुरावा म्हणून खिशात घालतो. तुझ्या दुसऱ्या कथेत पहिल्याच पानावर अकरा वस्तू आहेत, मोजून बघ. तीन ठेव. दोन आपापल्या जागी असाव्यात आणि एक नसावी. फडताळात डबे, भिंतीला कॅलेंडर, आणि लग्नातली पितळी परात गॅलरीत कुंडीखाली. परात तिथे का, याचा खुलासा करू नकोस. पुढच्या घरात ती कुठे ठेवलीय तेवढं दाखव.

‘वेनबा’ २०२३ चा, टोरंटोतल्या व्हिसाई गेम्सचा. १९८० च्या दशकात कॅनडात आलेलं तमिळ कुटुंब आणि आईकडून आलेली पाककृतींची वही, जिच्या ओळी पुसल्या आहेत. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे तुलाच शोधावं लागतं. भोकं झाकली गेली तर वाफ वर पोचत नाही. पुसलेली ओळ वाचकाला काय देते बघ. ती भरून काढायला त्याला स्वतःचं स्वयंपाकघर आठवावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या वह्यांत ‘मीठ अंदाजाने’ असतंच. तिथूनच सुरू करता येईल: पुरणाच्या कृतीत ‘कट बाजूला काढावा’ इथवर अक्षर आजीचं, पुढची ओळ पुसलेली, आणि त्याखालची दुसऱ्याच कुणाच्या हातची. मात्र गाळलेली पायरी अशी निवड की परिणामावरून ओळखता येईल. पुरण सैल झालं, पोळी फुटली, म्हणजे काय राहून गेलं हे करणाऱ्याला कळतं. उगाच गूढ ठेवलेली रिकामी जागा वाचक ओलांडून पुढे जातो.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हाही लुकास पोपचाच, २०१८ चा, आणि मला वाटतं रचना शिकायला सगळ्यांत सरस. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज रिकामं परत येतं. तू विम्याची तपासनीस. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते वहीत लिहायचं. हातातलं घड्याळ मृत माणसाजवळ उघडलं की आधी काळोख आणि फक्त आवाज, मग त्याच्या मरणाचा क्षण गोठलेला, आणि त्यात तू फिरू शकतेस. अंदाजाने नावं भरत सुटता येऊ नये म्हणून तीन जणांची माहिती बरोबर जुळली की मगच खेळ ती पक्की करतो. जहाजावर भारतातले खलाशीही आहेत. ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशांना ओळखायचं तर कधी कधी त्यांची झोपायची, टांगलेली झोळी बघावी लागते: झोळीवर क्रमांक असतो आणि तोच क्रमांक यादीत नावापुढे. साध्या खलाशाची ओळख एका आकड्यात उरते, आणि तो आकडा सांभाळणारं कुणीतरी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. यावरून असं लिहून बघ: पहिल्या दहा ओळी फक्त बोलणं, कोण बोलतंय ते न सांगता. मग क्षण गोठव आणि परिच्छेदभर हालचालीचं एकही क्रियापद वापरू नकोस. अडचण येते ती अशी की लेखक काळोखातल्या लोकांकडून सगळं वदवून घेतो, “अरे दादा, तू तर माझा मोठा भाऊ” असलं. एकमेकांना ओळखणारी माणसं ओळख सांगत नाहीत.

सॅम बार्लोच्या २०१५ च्या ‘हर स्टोरी’तला नियम छोटा पण धारदार आहे. १९९४ मधल्या पोलीस चौकशीच्या चित्रफितींत शब्द टाकून शोधायचं, आणि कितीही तुकडे सापडले तरी पहिले पाचच बघता येतात. त्यामुळे नेहमीचा शब्द काही उघडत नाही, क्वचित येणारा शब्द दार उघडतो. तुझ्या पात्राचा असा एक शब्द ठरव, जो ते पूर्ण कथेत दोनदाच उच्चारेल.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) मधला लुईस मासळीच्या कारखान्यात कामाला असतो. एका हाताने तू मासा पात्याखाली नेतेस, त्याच वेळी दुसऱ्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात चालतेस. राज्य वाढत वाढत सगळा पडदा व्यापतं, पण मासे यायचे थांबत नाहीत. मराठीत हे वाक्याच्या लांबीने साधतं. असं बघ:

“लाटणं फिरलं, पोळी गोल झाली. बोट धक्क्याला लागत होती. पोळी तव्यावर. बोटीतून उतरलेल्या बाईच्या हातात तिचीच पिशवी होती, बंद तुटलेली. उलटली. बाईने गर्दीतून हाक मारली, माहेरच्या नावाने. तूप.”

हाताचं काम पाच शब्दांवरून एकावर आलं, पण थांबलं नाही. यात ‘ती विचार करू लागली’ हे चार शब्द आले की दोन्ही हात सुटतात. आणि हाताचं काम वाचकाच्या हातालाही माहीत असलेलं निवड, म्हणजे एका शब्दात भागतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) जमल्यास खेळ. भाऊ गोलूला शोधणाऱ्या राजीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. बघणारे दोघं, आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिला ऐकू येत नाही. चाळीच्या गॅलरीत हे सहज बसेल.

नक्कलेबद्दल थोडं. नियम आणि कल्पना यांवर कॉपीराइट नसतो. पात्रांची नावं, संवाद, त्या जगाचा नकाशा हे ज्याचं त्याचं असतं, त्याला हात लावू नकोस. कथा झाल्यावर तो खेळ खेळलेल्या मैत्रिणीला वाचायला दे. तिने खेळ ओळखला तर जागा, धंदा, काळ या तिन्हींतली एखादी गोष्ट बदलायची राहिली आहे.

दुसऱ्याने खेळलेल्या चित्रफिती बघून काम भागवू नकोस. त्यात कथानक तेवढं दिसतं, आणि प्रमाणपत्र पलंगाखाली सरकवणारा हात दुसऱ्याचा असतो. ‘पेपर्स, प्लीज’ आणि ‘अनपॅकिंग’ फोनवरही मिळतात, तुझ्या लॅपटॉपवर वेगळा खर्च नको. आधी ‘अनपॅकिंग’ घे, दोन-तीन संध्याकाळींत संपतो. पण तू घाई न करता रोज एकच घर लाव आणि वहीत क्रियापदं लिही. तिसऱ्या कथेतली किल्ली आणि दारं काढून टाक, तळघर ठेव. तिथे तुझ्या नायकाला कुणी पाठवलंय आणि तो रिकाम्या हाताने वर आला तर घरात कुणाला काय सोसावं लागेल, एवढं वाक्य पूर्ण करून रविवारी फोनवर वाचून दाखव.

तुझी,
आई