नेत्रतपासणीत सरळ रेषाही पाहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

नेत्रतपासणीत तक्त्यावरची अक्षरे वाचता आली की 'नजर ठीक' असा शेरा मिळतो. माझ्या उजव्या डोळ्याला तो दोनदा मिळाला, आणि दोन्ही वेळा त्या डोळ्याला दाराची चौकट मधोमध आत दबलेली दिसत होती. वाचताना डावा डोळा झाकला की शिरोरेषा शब्दाच्या मध्यावर खचायची आणि पुढे पुन्हा वर यायची. मी हे सांगितले, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. पुढे ओसीटी तपासणीत, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या आतल्या थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीत, दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या) मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर, पातळ पापुद्रा धरल्याचे दिसले. वैद्यकात याला एपिरेटिनल मेम्ब्रेन म्हणतात.

हा आजार दुर्मीळ नाही, म्हणूनच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा द्रव आक्रसतो आणि दृष्टिपटलापासून सुटतो. त्यानंतर तिथे राहिलेल्या पेशी पसरत जाऊन हा पापुद्रा बनतो, आणि हे बहुधा पन्नाशीनंतर घडते. मधुमेहामुळे पडद्याला झालेली इजा, पडद्याला पडलेले छिद्र, डोळ्याचा दाह किंवा मार हीही कारणे असतात. अनेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. पण पापुद्रा आकसू लागला की खालच्या दृष्टिपटलाला चुण्या पडतात, आणि मग सरळ रेषा वाकडी दिसते, अक्षरे लहानमोठी भासतात, बारीक मजकूर पुसट होतो. चष्मा प्रकाश पडद्यावर नीट आणून सोडतो. पडद्याच्या चुण्या तो काढू शकत नाही.

दुसरा डोळा चांगला असेल तर तो हा दोष झाकून घेतो आणि माणसाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. अक्षरांचा तक्ता दृष्टीची तीक्ष्णता मोजतो, रेषांचा वाकडेपणा नव्हे. त्यासाठी ॲम्स्लर तक्ता आहे : १० सेंटिमीटरचा चौकोन, त्यात ५ मिलिमीटरची घरे, मधे एक ठिपका. वाचनाचा चष्मा लावून, साधारण ३० सेंटिमीटरवर धरून, एकेका डोळ्याने ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या दिसल्या तर रुग्णाला पुढे पाठवायचे. छापील कागदाखेरीज याला काही लागत नाही. तो प्रत्येक रुग्णाला पकडेल असे मी म्हणत नाही, पण आज त्याविषयी विचारलेही जात नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या शासकीय तपासणीत हा तक्ता एकेका डोळ्याने दाखवणे सक्तीचे करावे, आणि वाकडे दिसत असल्याची तक्रार असणाऱ्यांची ओसीटी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच व्हावी. पापुद्रा न कळताच मोतीबिंदू काढला, तर भिंग उत्तम बसूनही रेषा वाकड्याच राहतात आणि रुग्णाला शस्त्रक्रियाच फसली असे वाटते.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. पुष्कळदा नियमित लक्ष ठेवणे पुरते. जिथे लागते, तिथे व्हिट्रेक्टॉमी करून, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून, तो पापुद्रा सूक्ष्म चिमट्याने सोलून काढतात. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते, वाकडेपणा कमी होतो पण क्वचितच पूर्ण जातो, आणि डोळ्यातले मूळचे भिंग अजून काढलेले नसेल तर मोतीबिंदू लवकर वाढतो. हे रुग्णाला आधीच, त्याला समजेल अशा भाषेत, लेखी मिळावे.

तपासणीच्या अर्जात 'सरळ रेषा वाकडी दिसते का?' एवढा प्रश्न, दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्र रकान्यांसह, आपण घालावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका