अ‍ॅसिटलच्या साच्यात १० अंशांचे पाणी?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कालच्या उद्योग पुरवणीतल्या 'उत्पादनवाढीच्या' सल्ल्याबद्दल. इंजेक्शन मोल्डिंगच्या (वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू घडवण्याच्या) सायकलमधला निम्म्याहून अधिक वेळ कूलिंग खाते, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. पण त्यावर उपाय काय, तर साच्यात चिलरचे (पाणी गार करणाऱ्या यंत्राचे) १० अंशांचे पाणी फिरवा आणि पार्ट कडक झाला की बाहेर काढा. मटेरियल कोणतेही असो! धन्य आहे.

पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन, अ‍ॅसिटल ही प्लास्टिकमधली मंडळी निवताना नुसती कडक होत नाहीत. त्यांच्या लांब साखळ्या घड्या घालून स्फटिक बांधतात आणि एकेका केंद्राभोवती त्यांचे गोलक वाढत जातात. कढवलेले तूप सावकाश निवले की रवाळ होते, फ्रीजमध्ये ढकलले की रवा धरत नाही, इथेही तसेच. पॉलिप्रॉपिलीन वितळते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास, पण निवताना ११० ते १२० पर्यंत उतरल्याशिवाय स्फटिकांना जोर येत नाही. साच्याला टेकलेला थर तोवर केव्हाच थिजलेला असतो. आतला गाभा मात्र स्फटिक बांधत आकसत राहतो आणि त्याच वेळी गेटमधून, म्हणजे साच्यात माल शिरण्याच्या तोंडातून, माल मिळाला नाही, तर आत पोकळी नाहीतर वर सिंक मार्क (खळगा).

१० अंशांचा आकडा बहुधा पेट बाटलीच्या प्रिफॉर्मवरून (जिला फुगवून बाटली करतात त्या जाड नळीवरून) उचललेला असावा. तिथे तो योग्यच आहे. पेटचे स्फटिक १७० अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतात, म्हणून तो टप्पा झटकन ओलांडावा लागतो. रेंगाळले की प्रिफॉर्म गेटपाशी पांढरा पडतो. एकदा ७५ च्या खाली आले की साखळ्या जखडल्या जातात आणि प्रिफॉर्म गोदामात कितीही पडून राहिला तरी काचेसारखा पारदर्शक राहतो.

अ‍ॅसिटलच्या साखळ्या जखडतात उणे ६० च्या आसपास. म्हणजे पुण्याच्या थंडीतही त्यांची हालचाल सुरूच! गार साच्यात अर्धवट राहिलेले स्फटिकीकरण मग डब्यात, ट्रकमध्ये, गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत पुरे होते. साचा २ टक्के आकसणे धरून कापलेला असतो. गार साच्यातून गिअर त्याहून कमी आकसून, म्हणजे मापाने मोठा निघतो. व्हर्निअरवर मोठा दिसला की ऑपरेटर होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर माल आत रेटत राहणारा दाब) उतरवतो, माप बसते, आणि गाभा पोकळ होतो. पुढे तो नुसता पाव टक्का आकसला तरी ५० मिमीच्या गिअरला सव्वाशे मायक्रॉन गेले. दात सैल आणि भोक शाफ्टवर घट्ट. मग दोष कोणाचा? प्लास्टिकच्या दाण्याच्या पुरवठादाराचा, अर्थात.

अ‍ॅसिटलचा साचा ८० ते १०० अंशांवर ठेवायचा असतो. त्याला चिलर नव्हे, साचा गरम राखणारा टेंपरेचर कंट्रोलर लागतो. होल्डिंगची वेळ एकेक सेकंद वाढवत पार्ट (रनर, म्हणजे गेटपर्यंत माल नेणाऱ्या वाटेत थिजलेली दांडी, तोडून) वजन करावा. वजन वाढायचे थांबले की गेट थिजले. त्याआधी होल्डिंग सोडायचे नाही. माप मशीनपाशी गरम पार्टावर घेऊन उपयोग नाही, किमान २४ तासांनी घ्यावे. घाई असेल तर चार नमुने १५० अंशांच्या आसपास भट्टीत तासभर ठेवून, सावकाश निववून मोजावेत. पुढच्या काही महिन्यांत व्हायचे आकसणे बरेचसे तिथेच उघडे पडते.

सायकल खरोखर कमी करायची असेल तर पार्टाच्या जाडीकडे पाहा. कूलिंगचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ३ मिमीची भिंत २ वर आणता आली तर तो निम्म्याहून खाली येतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये थोडी टाल्क पावडर असली तर स्फटिकांना तयार केंद्रे मिळतात, ते जास्त तापमानालाच बांधले जातात आणि पार्ट लवकर बाहेर काढता येतो. हे लेखात चार ओळींत मावले असते. त्या जागी कारखान्याच्या भव्य प्रवेशद्वाराचे वर्णन आहे.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोबद्दल. मशीनचे सेफ्टी डोअर सताड उघडे आणि ऑपरेटरचा हात मनगटापर्यंत साच्याच्या दोन भागांमध्ये! पुरवणी आयटीआयची मुले वाचतात. साचा बंद करणारा जोर शेकडो टनांत असतो आणि दार उघडले की मशीन थांबावे म्हणून तिथे लिमिट स्विच बसवलेला असतो. तो कोणी तार टाकून बायपास केला आहे का, हे फोटो छापण्याआधी त्या कारखान्याला विचारायला हवे होते. निदान आता तरी विचारा.

आपला,
एक वाचक, भोसरी