आधी भेगा मोजा

महोदय,

२९ किलोमीटरच्या ठाणे वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यातले ३ किलोमीटर भुयारी. ठाणे स्टेशनचं स्थानकही जमिनीखालीच.

माझं स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे. मागे गटाराच्या कामासाठी दुकानासमोर 'पंधरा दिवस' म्हणून पत्रे ठोकले, ते निघाले गणपती उठल्यावर. फळीवरून तोल सावरत नवा चष्मा न्यायला आलेल्या आजी जुनाही चिखलात घालवून बसल्या!

मेट्रो हवीच. पण खोदण्याआधी आमच्या जुन्या इमारतींच्या भेगा मोजा, फोटो काढा, रहिवाशांच्या सह्या घ्या. नंतर 'ही आधीचीच' हा वाद नको. आणि पत्र्यांवर पुढाऱ्यांच्या फोटोंऐवजी काम संपायची तारीख रंगवा.

– एक दुकानदार, ठाणे (प.)