सही करू नकोस, आधी हे वाच

बारक्या,

फोन केला असता, पण फोनवर तू "बघू रे" म्हणून विषय बंद करतोस म्हणून लिहितोय. गणपतीपासून एक मेसेज नाही केला, शिव्या भेटल्यावर घाल. आईची शुगर आहे तशीच, माझी पाठपण.

तर परवा आपल्या कोळीवाड्यात बिल्डरची पोरं आली, लेझरवालं यंत्र घेऊन घरं मोजायला. आमचं मोजलं, माळा मोजला, तुमची बंद खोली बाहेरून मोजली (कुलूप गंजलंय, येऊन तेल तरी घाल). मी म्हटलं मधल्या अंगणाचं काय, तर म्हणे ते ओपन स्पेस, ते धरत नाहीत. अरे ओपन कसली? तिथं जाळी शिवतात, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत इंजिनं उघडून बसतात, आत्याची सुकट वाळते, तुझ्या ताईचं लग्नपण तिथंच लागलं, घरात आपण झोपायला तेवढे जातो! तर तो पोरगा म्हणतो, काका, टॉवरला टेरेस देणार. काका म्हणाला मला!! म्हणजे ओलं जाळं घेऊन लिफ्टमध्ये उभं राहायचं आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर वासाची तक्रार वाचायची.

दादा बिल्डरच्या फॉर्मवर सही करायला तयार आहे. त्याचंही खोटं नाही, पोरीला अभ्यासाला कोपरा नाही, आणि मासळी तरी पहिल्यासारखी कुठे मिळते. पण २०११ च्या सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांत, मुंबईतले कोळीवाडे मॅप करून सीआरझेड-३ मध्ये (गावासारख्या, कमी बांधकामाच्या किनाऱ्याच्या गटात) घ्यायचे असं लिहिलं होतं, तूच वाचून दाखवलं होतंस. आता भांडण कोळीवाड्याच्या हद्दीच्या रेघेचं आहे, ती घरांच्या भिंतीला लागून मारायची की वाळवणाची जागा, होड्या ओढायची जागा, बंदर सगळं आत घ्यायचं.

आणि आठवतंय ना, वरळीच्या आपल्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी कोस्टल रोडच्या खांबांमध्ये आपण २०० मीटर मागितले, ६० चे १२० झाले, तू म्हणालास जिंकलो. मी म्हटलं आपल्या आयांनी इतका भाव कधी सोडला असता का, तर तू महिनाभर तोंड फिरवून बसलास. माझं मत अजून तेच आहे. पण तेव्हा निदान आकडा मागता आला. या अंगणाचं नाव ना तुमच्या कागदावर ना आमच्या, दोन्ही घरं म्हणणार ते दोघांचं, आणि कागद म्हणणार कुणाचंच नाही. दादाला हे सांगितलं तर म्हणतो तू होडीच्या वेळीपण असाच अडून बसलास. घरात हे कुणाशी बोलू सांग.

तुझी नवी नोकरी बरी आहे ना? वहिनीची परीक्षा झाली? पोराला स्विमिंग क्लासला घातलंस ते कळलं, आत्याला सांगितलं नाहीये, ती हसून मरेल.

तुझ्या खोलीचा फॉर्म पोस्टाने येईल. दिवाळीला येतोयस ना, तोवर सही करू नकोस. तुझ्या बाबांच्या ट्रंकेत सिटी सर्व्हेचा जुना नकाशा होता, तो शोध, चारी कोपरे दिसतील असा फोटो काढून पाठव. मागच्या वेळी पावतीच्या फोटोत निम्मा तुझा अंगठा होता.

तुझा,
पक्या