विद्यावेतन मंजूर आहे, ते ऑगस्टमध्येच हाती पडू द्या

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन

महोदय,

आयटीआयचे विद्यावेतन वर्षानुवर्षे दरमहा 40 रुपयांवर अडकले होते. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने ते 500 रुपये केले, याचे आम्हाला मोल आहे. ते आणखी वाढावे असे वाटतेच. पण हे पत्र मंजूर झालेला पैसा वाटेत कुठे अडतो, यासाठी आहे.

सर्वांत जास्त अडते ते बँक खात्यापाशी. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली की पालकांना वाटते, खाते लिंक झाले. आधारवर आधारित डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात जमा व्हायला, तेवढे पुरत नाही. त्यासाठी खाते एनपीसीआय या बँकांमधील देयके सांभाळणाऱ्या संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कोणता आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे त्या यादीत, असावे लागते, आणि पैसा जातो तो तिथे शेवटी नोंदलेल्या बँकेत. हातातले पासबुक कुठल्याही बँकेचे असो. शाळेत असताना जिल्हा बँकेत एक खाते निघालेले असते, नंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून पोस्टाच्या बँकेत दुसरे. मुलगा जिल्हा बँकेचे पासबुक भरून आणतो, त्यात एंट्री नसते. कार्यालयाच्या यादीत मात्र रक्कम ‘जमा’. दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरी अडचण वयाची. दहावीनंतर येणारी मुले पंधरा-सोळा वर्षांची असतात, आणि पंधराव्या वर्षी आधारचे बायोमेट्रिक नव्याने द्यावे लागते. ते राहिले की अंगठा जुळत नाही. फिटरच्या मुलांचे तर कानस घासून बोटांवरचे ठसेही पुसट होतात. मग उरतो ओटीपी. तो वडिलांच्या मोबाइलवर जातो, आणि वडील त्या वेळी रानात किंवा कंपनीत पाळीवर असतात.

नावाचेही तसेच. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नावच गळालेले. एवढ्यावरून अर्ज परत येतो. उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो. फिटर, इलेक्ट्रिशियनसारख्या दोन वर्षांच्या ट्रेडला मुलाला पुन्हा तहसीलची वारी करावी लागते, तीही प्रॅक्टिकल बुडवून. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, तेव्हा हे दिवस महाग पडतात.

यातले बहुतेक प्रवेशाच्या आठवड्यातच मिटू शकते. मूळ कागद तपासतानाच आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे त्याची, स्थिती बघावी आणि जी बँक दिसेल तिचे नाव मुलाला कागदावर लिहून द्यावे. ऑगस्टमध्ये संस्थेतच बँक आणि आधार केंद्राचे एकत्र शिबिर लावावे, पालकांना मोबाइल घेऊन बोलवावे. प्रवेशाच्या वेळचा उत्पन्नाचा दाखला ट्रेड संपेपर्यंत ग्राह्य धरावा. नावांच्या क्रमातला फरक प्राचार्यांच्या सहीने मान्य व्हावा. पेमेंट फसले तर नेमके कारण मराठीत संस्थेच्या लॉगिनवर दिसावे. आज कारण शोधण्यातच आठवडे जातात.

वेळेचा आग्रह यासाठी की खर्च सुरुवातीलाच येतो: सेफ्टी शूज, गणवेश, ड्रॉइंगचे साहित्य, सवलतीतही रोख भरावा लागणारा एसटीचा पास. ज्यांच्या घरी एवढी रोकड नसते ती मुले पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गळतात. मार्चमध्ये एकरकमी जमा झालेले विद्यावेतन त्यांना वर्कशॉपमध्ये परत आणत नाही. म्हणून पुढच्या प्रवेशफेरीच्या परिपत्रकातच सीडिंग तपासणीची अट आणि पहिल्या हप्त्याची तारीख घालावी, ही विनंती.

आपले,
आयटीआयमधील शिल्प निदेशक